खुंटी तीन बोटं उतरली

मी पाण्याला भिते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी खोच मारायला नको. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरात जन्मले, ढिवराच्याच घरात दिली, तरी नदीत गुडघ्याच्या वर पाणी आलं की मी मागे फिरते. माझं माहेर मूल गावाजवळचं, तलावाकाठचं. तलाव आपल्या जागी बसून असतो. पाळीवर उभं राहिलं की त्याचे चारही कोपरे दिसतात. वैनगंगेचं अर्धं अंग कायम वळणामागे असतं, आणि तिथे ती काय करते आहे ते कळत नाही. यावरून कोसमघाटात सासरी चार वर्षं माझी टिंगल चालली. 'तलावाची पोरगी' हे माझं नावच पडलं.

माझे सासरे लटारू शेंडे, त्यांना मी मामाजी म्हणते. सगळ्या घाटावर त्यांचा शब्द चालायचा तो खुंटीमुळे. उन्हाळ्यात नदी आटली की आमची माणसं पात्रातल्या रेतीवर टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात. त्याआधी पाण्याच्या कडेला बांबूची एक खुंटी ठोकायची. तिच्यावर बोटाबोटाच्या अंतराने खाचा असतात. सकाळ-संध्याकाळ मामाजी जाऊन ती बघायचे. पाणी चार बोटं चढलं की वाडी सोडून सगळ्यांनी काठावर यायचं, मग मांडवात भाकर अर्धी खाल्लेली का असेना. खुंटी बघायचा मान एकाच घराचा, आणि ती बघून जे सांगितलं त्यावर कोणी उलट बोलायचं नाही. अशी रीत.

दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरचा प्रणित आला. नोकरी सोडून आलेला, बोलायला गोड, उन्हाने भाजून लाल झालेला. त्याने पात्रामधल्या रेतीच्या बेटावर शनिवार-रविवारचा कॅम्प सुरू केला. सहा तंबू, सहा रंगीत कायाक, सकाळी पक्षी दाखवणे, संध्याकाळी डोंग्यातून, आमच्या लाकडी नावेतून, फेरी. ताडोब्यात वाघ बघायला आलेली मंडळी परतताना एक दिवस आमच्याकडे थांबू लागली. गावातल्या आठ घरांना काम लागलं. मासळीचं तर सांगूच नका. रेती उपसून उपसून वरच्या अंगाला नदीचा तळ असा झाला आहे की जिथे पोरं पोहायची तिथे आता पुरुषभर खोल खड्डे आहेत, आणि मासा अंडी घालायला जागा शोधत फिरतो. त्यामुळे कॅम्प हा आमचा आधारच होता. मी स्वयंपाक करायची. मामाजींचं काम नदीवर नजर ठेवायचं.

ही गोष्ट एप्रिलमधल्या एका रविवारची. पाहुणे अकरा होते. त्यात दीपिका मॅडम म्हणून नागपूरच्या एका बँकेतल्या बाई होत्या. त्यांना माझी अंबाडीची भाजी आवडली होती, म्हणून त्या चुलीपाशी येऊन बसायच्या.

शुक्रवारीच मोबाइलवर संदेश आला होता की वरच्या धरणातून पाणी सोडतो आहोत, पात्रात उतरू नका. असे संदेश उन्हाळ्यात येतच राहतात. प्रणितने मामाजींना विचारलं. ते म्हणाले, "येईन तं शनिवारी रातच्याले येईन. दोन बोटं चढन, अन् उतरन. खुंटी आहे नं."

रविवारी सकाळी सातला ते खुंटी बघून आले आणि हसत म्हणाले, "तीन बोटं उतरली."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या हातातली पळी मात्र थांबली.

चढायचं पाणी उतरलं कसं? धरणातून सुटलेलं पाणी कुठेतरी असलंच पाहिजे. आणि शनिवारी दुपारभर मी वळणापलीकडून यंत्राचा आवाज ऐकला होता. रेतीचे ट्रक पलीकडे नेता यावेत म्हणून तिकडे धारेतच मुरूम टाकून, खाली सिमेंटचे दोन पाइप घालून आडवा रस्ता बांधत होते. दरवर्षी बांधतात. यंदा उंच बांधला होता, मी सरपणाला गेले तेव्हा स्वतः पाहिला होता.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या तलावाच्या कालव्याचं पाणी एका सकाळी असंच कमी झालं होतं. लोक टोपल्या घेऊन मासे वेचायला कालव्यात उतरले. माझा बाप तलावाचा राखणदार. तो धोतर सावरत ओरडत पळत आला, आणि मला केसांना धरून बाहेर ओढलं. वर कोणीतरी आपल्या बांधीकडे, धानाच्या शेताकडे, पाणी वळवायला मातीने कालवा तुंबवला होता. थोड्या वेळाने ती माती फुटली आणि एक बांधलेली म्हैस आमच्या डोळ्यांसमोर वाहून गेली. तिच्या गळ्यात दोर होता, खुंट्यासकट. ते मी विसरलेली नाही.

मी मामाजींकडे गेले. ते डोंग्याच्या भेगेत डांबर भरत होते.

"मामाजी, पाणी वर अडलं असन. त्या रस्त्यानं."

"पाइप आहेत नं त्याले."

"दोन पाइपाईत धरणाचं पाणी मावते का?"

त्यांनी मान वर केली. रागावले नाहीत, ते रागवतच नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं. "पोरी, तलावाचं ग्यान नदीले नको सांगू. चाळीस वर्सं झाली मले खुंटी पाहून. उतरली म्हंजे उतरली."

मग मी प्रणितला गाठलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. शिकलेली माणसं ऐकून घेतात फार छान. मग म्हणाला, "लटारूभाऊ काय म्हणतात?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग ठीक आहे ना वहिनी. तुम्ही पोह्यांचं बघा."

मी पोह्यांचं बघितलं. हात काम करत होते आणि कान वळणाकडे लागले होते.

नऊ वाजेपर्यंत बेट आणि काठ यांच्यातली धार, जी काल कमरेएवढी होती, ती घोट्यावर आली. कायाक रेतीत टेकले. काठापर्यंत चालत जाता येऊ लागलं. पाहुण्यांना गंमत वाटली. पात्रभर डबकी झाली होती आणि डबक्यांत मासे तडफडत होते. एक जण टोपीने मासे पकडत होता, बाकीचे व्हिडिओ काढत होते. दीपिका मॅडम चप्पल हातात घेऊन धारेच्या अगदी मधोमध उभ्या होत्या आणि मला बोलावत होत्या, "पुनमताई, या ना, किती छान गार वाटतंय."

मी धारेच्या कडेलाच थांबले. एवढे मासे मी एकदाच पाहिले होते.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी जोरात, सगळ्यांना. पाणी येणार आहे, काठावर चला. एक-दोघांनी वळून बघितलं. मामाजींनी नुसता हात हलवला, माझी सून अशीच आहे, अशा अर्थाने, आणि मंडळी हसली. चार वर्षांची टिंगल माझ्याआधी तिथे पोचली होती. मीच नसते का हसले, दुसरी कोणी असती तर?

तेव्हा मला ते सुचलं. चंद्रपूर जिल्ह्यात पाण्याला कोणी भीत नाही एप्रिलात. पण एक गोष्ट अशी आहे, की तिचं नाव घेतलं तर तहसीलदारापासून गुराख्यापर्यंत कोणी पुरावा मागत नाही. आधी पळतात, मग विचारतात. मी बेटाच्या खालच्या टोकाकडे, झुडपांकडे बोट केलं आणि ओरडले, "वाघ. झुडपात वाघ आहे."

मला वाटलं, सगळे काठाकडे पळतील.

पाहुणे झुडपांकडे पळाले.

मी हे कसं विसरले कोण जाणे. ती माणसं पैसे भरून, पहाटे चारला उठून, वाघासाठीच आली होती. टोपीवाला तर मासे टाकून मोबाइल वर धरून धावला. "तीन सफारी झाल्या, एक शेपूट दिसलं नाही," असं म्हणत होता.  माझ्या तोंडानेच मी त्यांना काठापासून लांब पाठवलं होतं.

प्रणितचं मात्र डोकं ठिकाणावर होतं. माणसाला वाघाने ओढलं तर कॅम्प संपला, एवढं त्याला कळत होतं. त्याने शिटी फुंकली, दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला आणि मंडळींना मागे रेटू लागला. ती मागे सरू लागली, पण कशी, तर तोंड झुडपांकडे आणि पाठ काठाकडे. एकेक पाऊल. मी दिसेल त्याच्या पाठीला धक्का देत होते, दंडाला धरून ओढत होते. दीपिका मॅडमना तर मी ढकललंच. त्या घोटाभर पाण्यात पडल्या, उठल्या, आणि माझा चेहरा बघून काही न बोलता काठाकडे चालू लागल्या.

अकरा डोकी काठाच्या चढाला लागली तेव्हा मी मामाजींना शोधलं. ते नव्हते.

ते खाली, बेटाच्या टोकाला, तीन-चारशे पावलांवर होते. वाघ आहे म्हटल्यावर आमच्याकडची जाणती माणसं जे करतात तेच त्यांनी केलं होतं. हातात बांबू घेऊन, झुडपं आणि पाहुणे यांच्या मधे जाऊन उभे राहिले होते. झुडपांवरची नजर न काढता. वाघाला पाठ दाखवायची नसते.

खुंटीपुढे माझा शब्द त्यांनी कधी धरला नव्हता. पहिल्यांदा धरला, तो हा.

मी धावले. "मामाजी, वाघ नाई तिथी. मी खोटं बोलली. पाणी येऊन राह्यलं." वारा माझ्या तोंडावर होता. त्यांनी मागे न बघता डावा हात खाली दाबला. गप राह्य, मागे जा. वाघासमोर ओरडायचं नसतं हे कोणत्याही लेकराला माहीत असतं. मी अजून जोरात ओरडले. त्यांनी पुन्हा हात दाबला.

तेवढ्यात वरून टिप्पर रिकामा केल्यासारखा आवाज आला. तो थांबेना. वळणावर लाल रेघ दिसली. पाणी लाल होतं, मुरमाचं. त्याच्या तोंडाशी फेस होता, काटक्या होत्या, आणि सिमेंटचा एक अख्खा पाइप त्यात लोळत येत होता.

मी पुढे जायला हवं होतं का मागे? हे मी रोज स्वतःला विचारते. तेव्हा विचारलं नाही. पाय आपोआप वळले आणि मी काठाकडे पळाले. मी भ्यायले होते, बस. मामाजींना मागे सोडून पळाले.

धारेच्या मधे पाणी मला कमरेत लागलं आणि पाय उचलले गेले. तोंडात रेती गेली. हाताला डोंग्याचा दोर लागला, तो मी मनगटाला कसा गुंडाळला आठवत नाही. दुसरं टोक काठावरच्या कडुलिंबाला होतं. प्रणित आणि दीपिका मॅडम यांनी मला वर ओढलं. मनगटावरची कातडी सोलून निघाली, ती खूण अजून आहे. मागे बघितलं तर तंबू नव्हते, चूल नव्हती, बेटच नव्हतं. काठापासून काठापर्यंत लाल पाणी होतं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. घाटावर सगळं गाव जमलं. बाया मला पोटाशी धरून म्हणत होत्या, पुनमनं वाघ पायला म्हणून अकरा जण वाचले. मी ओल्या कपड्यांत बसले होते. मनात एकच चाललं होतं, की मामाजी झुडपांकडे बघत असतील आणि पाणी मागून आलं असेल. त्यांना कळलंही नसेल. सुनिल, म्हणजे माझा नवरा, मूलला राइस मिलमध्ये कामाला जातो, तो दुपारी आला. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

चार वाजता खालच्या गावच्या ढिवरांचा फोन आला. लटारूभाऊ सापडले. गडचिरोलीच्या काठाला, दोन किलोमीटर खाली, पाण्यात वाकलेल्या करंजाच्या फांदीत. पाय मोडला होता. जीव होता.

तिसऱ्या दिवशी सुनिलने त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, मग तो मिलला गेला, आणि त्याच दुपारी पंचनाम्याला माणसं आली. तलाठी आणि वनरक्षक, दोघं खुर्च्यांवर. मामाजी खाटेवर, पायाला प्लास्टर. आणि दारात मोटारसायकल लावून पवन आला. वळणावरचं यंत्र आणि ट्रक तोच बघतो. त्याने मामाजींसाठी सफरचंदं आणली होती. उंबऱ्यावर बसून म्हणाला, "वाघानं वाचवलं बाप्पा सगळ्याईले. देवच म्हना."

वनरक्षकाने मामाजींना विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिला का वाघ?"

 मामाजींनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, पापणी लवेपर्यंत. त्यांना माहीत होतं. वाऱ्यातून माझं ओरडणं पोचलं होतं, का झुडपं रिकामी दिसली होती, मी अजून विचारलेलं नाही.

"पायलो," ते म्हणाले. "मोठा होता."

या माणसाने नदीवर जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून आयुष्यात सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी सांगितलं. मला तिथेच मान खाली घालून रडावंसं वाटलं.

वनरक्षक लिहू लागला. लिहिता लिहिता तलाठ्याला म्हणाला, सोपंच आहे, वाघाच्या भीतीने पर्यटक हटले, त्याच वेळी धरणाचं पाणी आलं. आता इथे फलक लावावा लागेल, वाघाचा वावर आहे, पात्रात जाण्यास मनाई. कॅम्प बंद. वाड्याही बंद, निदान पावसाळ्यापर्यंत.

"बरोबर आहे साहेब," पवन म्हणाला. "माणसाच्या जिवाहून काई मोठं नाई."

आणि मला वळणापलीकडून आवाज आला. यंत्र सुरू झालं होतं. मुरूम पडत होता. कोणी पात्रात नसलं की बघणारं कोण? पुढच्या वेळी खालच्या गावची वाडी जाईल, नाहीतर धुणं धुणारी बाई. माझ्या एका शब्दाने नदी आम्हाला बंद होणार होती आणि त्यांना मोकळी. मला एवढी भीती त्या लाल पाण्यातही वाटली नव्हती. तिथे निदान विचार करायला वेळ नव्हता.

"वाघ नवता," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की तलाठ्याने "काय?" म्हटलं.

"वाघ नवता साहेब. मी खोटं बोलली. वरच्या रस्त्यानं पाणी अडलं होतं, म्हनून खुंटी उतरली. मी सांगतलं तं कोनी आयकलं नाई. म्हनून वाघ म्हनलं. मुरमाचा तो रस्ता फुटला, अन् त्याचं पाणी आलं. पाइप वाहून आला, सगळ्याईनं पायला."

 मामाजींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, संपलं. मी त्यांना सरकारी माणसांसमोर खोटं पाडलं, माझ्यासाठी बोललेल्या खोट्यात.

पवन हसला. "घाबरली आहे बाई. भरम होते असा."

"ते घाबरली आहे," मामाजी डोळे न उघडता म्हणाले, "अन् ते म्हनते तेच लिवा. मी वाघ नाई पायलो. अन् खुंटी मले समजली नाई, हे बी लिवा. लटारू शेंड्याची खुंटी चुकली. सून म्हने पाणी अडलं, मी आयकलो नाई." मग डोळे उघडून म्हणाले, "इथून पुढं घाटावरची खुंटी पुनम पाहीन. गावाले मी सांगतो."

तलाठ्याने पवनकडे बघितलं, मग वनरक्षकापुढचा कागद ओढून घेतला आणि लिहिलेल्यावर एक आडवी रेघ मारली. मला विचारलं, "पूर्ण नाव?"

"पुनम सुनिल शेंडे."

"मोबाइल नंबर?"

मी सांगितला. पवन उठला. पँट झटकली, सफरचंदांची पिशवी खाटेच्या पायाशी नीट ठेवली. दारात जाऊन चावी फिरवत त्याने विचारलं, अगदी घरच्यासारखं, "सुनिलभाऊ मूलले कोनत्या मिलमधी आहे वं, वहिनी? अजून रोज गाडीनंच येते-जाते का, जंगलातल्या रोडानं?"

 मोटारसायकल गल्लीबाहेर गेली. तलाठ्याने कागद पुढे केला आणि मी सही केली. मनगटाची जखम ओढत होती, अक्षर वाकडं आलं. मग आत जाऊन मी सुनिलला फोन लावला. सहा वेळा रिंग गेली. उचलला तेव्हा मागे मिलची घरघर होती आणि तो विचारत होता, बाबांना काही झालं का.

"नाई," मी म्हटलं. "तू आज येऊ नको. तिथीच थांब. उद्या बी थांब."

"काऊन?" तो म्हणाला. "काय केलं तू?"

मी त्याला सांगायला लागले, आणि सांगता सांगता उठून दाराला कडी लावली, भर दुपारी.